उंबऱ्यावरचा प्रश्न

माझ्या हरण्याचं खापर मी बायकोच्या एका प्रश्नावर फोडलं, आणि कित्येक वर्षं ते मनापासून खरं मानलं. ही चूक माझी.

लढाईचे दिवस होते. आष्ट्यात आमचं घर, शेतीही बरी. मला बैलगाड्यांच्या शर्यतीवर पैजा लावायचा नाद होता. तो नाद आहे हे मात्र मला पटत नसे. मला बैल कळतो, असं मी म्हणे. जिंकलो तर ती माझी पारख. हरलो तर मांजर आडवं गेलेलं असे, नाहीतर गाडीवान नवखा निघे. बैल खांदाभर मागं राहिला तरी मला तो जिंकल्यासारखाच वाटे. सारखा हरू लागलो की उलट धीर यायचा, आता पाळी आपलीच.

एका सकाळी मी निघताना बायकोनं उंबऱ्याशी विचारलं, "आवं, कुठं चाललाय?"

बाहेर पडणाऱ्याला 'कुठं' विचारू नये, असं आमच्याकडे मानतात. त्या दिवशी मी हरलो. घरी येऊन म्हणालो, "तुझ्या तोंडानंच घालवलंस. पुन्यांदा इचारलंस तर बघ."

तिनं परत विचारलं नाही. मी हरतच राहिलो. मग मला वाटू लागलं, ही मनातल्या मनात विचारत असणार.

पुढं आमच्या धाकटीला ताप चढला, तेव्हा मी कडेगावला शर्यतीत होतो. मी सांगलीला असेन म्हणून शेजाऱ्यानं माझ्यासाठी सगळी सांगली पालथी घातली. मी परतलो तोवर पोरीला पुरून माणसं अंघोळीला गेली होती. आणि घराकडे येताना वाटभर मी एवढंच घोकत होतो, की बैल थोडक्यात हुकला, पुढच्या खेपेला नक्की.

"सांगावा तरी धाडायचास," मी बायकोला म्हणालो.

"कुठं धाडू? तुमाला इचारायची चोरी हुती."

त्यानंतरही मी शर्यतीला जात राहिलो, हेही सांगितलं पाहिजे. एकदा असाच निघालो. ती दारातून बाजूला सरली आणि नेहमीसारखी खाली बघत उभी राहिली. माझा पाय पुढं पडेना. मी उंबऱ्यावरच बसलो.

"तुझ्या इचारण्यानं मी कवाच हरलो न्हाई," मी म्हणालो. "पोरीला शेवटी बाप दिसला न्हाई, त्ये माझ्यापायी. मला माफ कर."