अभ्रे घातलेली बस

बसची सीट फाडणारा माणूस दुष्ट असतो असं पूर्वी मला वाटायचं. या धंद्यात पडल्यावर कळलं, की बहुतेक वेळा तो बिचारा नुसता रिकामा असतो. प्रेमात पडलेला माणूस सीटवर पेन चालवतो. फोनवर भांडणारा नख चालवतो. आणि ज्याला कुणाचाच फोन येत नाही, तो शिवणीतला एक सुटा दोरा शोधून काढतो आणि ओढत बसतो. त्याचा स्टॉप येईपर्यंत अर्धी सीट उसवलेली असते. उतरताना त्याचं त्यालाच वाईट वाटतं. तो हात खिशात घालतो, हे मी पाहिलंय.

भाईंदर पूर्वेच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, पहिल्या मजल्यावरच्या गाळ्यात बसून मी सीट डिझाइन करते. बसच्या, दवाखान्यांच्या, सरकारी ऑफिसांच्या. जिथे बसणाऱ्याला ‘हे काय माझ्या बापाचं आहे?’ असं वाटतं, तिथे माझं काम सुरू होतं. डिझाइनचा डिप्लोमा करून मी गाद्या करते हे माझ्या आईला फार दिवस पचलं नव्हतं. गादी म्हटलं की तिच्या डोळ्यांसमोर दारोदार फिरणारा पिंजारी यायचा. त्यामुळे नातेवाइकांत तिने माझं काम परस्पर ठरवून टाकलं होतं: “ती इंटिरियरमध्ये असते.” कसलं इंटिरियर, असं कुणी विचारलं की आई पोहे आणायला आत जायची.

खरं तर आमच्या घरात सीट जपण्याची परंपरा माझ्याही आधीची. आम्ही मुंबई सोडून मीरा रोडला सिल्व्हर पार्कमध्ये आलो तेव्हा सोफा घेतला. त्याचं प्लॅस्टिक आजतागायत निघालेलं नाही. प्लॅस्टिकवर चादर, चादरीवर हात ठेवायच्या जागी नॅपकिन, आणि नॅपकिन मळू नये म्हणून पाहुण्यांकडे आईची नजर. त्या सोफ्याचा रंग कोणता हे मला अजून माहीत नाही. बाबा म्हणतात मरून. आई म्हणते चॉकलेटी. पावती शोधूनही वाद मिटलेला नाही.

तर माझी सीट. तिच्यावर मी वर्षभर जीव टाकला होता. वर घट्ट विणलेलं, आखूड लव असलेलं जाड कापड, त्याच्याखाली बारीक पोलादी जाळी, आणि जाळीखाली कडक फोम. बसण्याच्या जागेवर एकही शिवण नाही. सगळ्या शिवणी मागे आणि खाली, जिथे अंगठा पोचत नाही. आणि डिझाइन म्हणजे निळ्या, पिवळ्या, लाल रेघांचा असा गुंता, की त्यात कुणीही काहीही खरडलं तरी ते हरवून जावं. आमच्या कारखान्यातले मुख्य कारागीर, ज्यांना आम्ही सगळे चाचा म्हणतो, त्यांनी नमुन्याच्या कापडावर पेनाने स्वतःची सही केली आणि मग चष्मा लावून पाच मिनिटं ती शोधत बसले. सापडली नाही. मी आनंदाने टुणकन उडी मारली आणि माझं डोकं ट्यूबलाइटला लागलं.

गाळ्याच्या एका कोपऱ्यात आमची प्रयोगशाळा होती. तिथे सीटवर खोबरेल तेल ओतलं, वडापावची लाल चटणी चोळली, च्युइंगम चावून चिकटवलं, किल्ल्या फिरवल्या, कंपासबॉक्समधलं कर्कटक खुपसलं. शेवटी चाचांनी ब्लेड मारलं. वरच्या कापडावर एक केसाएवढी रेघ आली आणि ब्लेड जाळीवर अडकलं. चाचा ब्लेडकडे बघत म्हणाले, “मॅडम, ये सीट नहीं है, जिद है.” त्या दिवशी मी अख्ख्या मजल्याला जिलबी खायला घातली.

मग खरी परीक्षा आली. शहरात नव्या बस येणार होत्या आणि त्यांच्या सीट ठरायच्या होत्या. आमच्या समोर उभी होती कडक प्लॅस्टिकची सीट. ती फाटत नाही हे कबूल, पण तिच्यावर बसताही येत नाही. ब्रेक लागला की माणूस थेट पुढच्याच्या पाठीवर. ठरलं असं, की एका बसला आमच्या सीट लावायच्या, ती सहा आठवडे पळवायची, शनिवारी तपासणी आणि सोमवारी निर्णय. आमच्या सीट टिकल्या तर सगळ्या नव्या बसमध्ये त्या, नाहीतर सगळीकडे प्लॅस्टिक. अट एकच: कारखान्याच्या माणसाने त्या बसमध्ये पाऊल ठेवायचं नाही. मालकांनी मला बजावलं होतं, हे फसलं तर परत ऑफिसच्या फिरत्या खुर्च्या. मला फिरत्या खुर्च्यांचा मनापासून तिटकारा आहे.

ते सहा आठवडे मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. बस सिल्व्हर पार्कवरूनच जायची. मी टाचा उंचावून खिडकीत बघायचे, पण माणसांची डोकी तेवढी दिसायची. घरी आई मात्र अचानक माझ्या कामात रस घ्यायला लागली होती. “अगं, त्या सीटची रुंदी किती गं असते?” जेवताना असं विचारायची. मी हुरळून जाऊन सेंटिमीटरमध्ये सांगायचे. एकदा तिने जुन्या चादरी मागितल्या. मी माळ्यावरून गाठोडं काढून दिलं. अक्कल गहाण ठेवणं म्हणजे काय, तर हे.

शनिवारी सकाळी दहाला डेपोत तपासणी. परिवहनचे साहेब कमी बोलणारे, हातात पॅड, पॅडवर छापील तक्ता. ते पुढे, मी मागे, माझ्यामागे चाचा. साहेब बसमध्ये चढले आणि थांबले. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं.

सगळ्या सीटना अभ्रे होते.

गुलाबांचे, चौकटींचे, आंब्याच्या कोयऱ्यांचे. कडेला इलॅस्टिक, मागे नाड्यांची बो. ज्येष्ठ नागरिकांच्या सीटला तर झालर. ड्रायव्हरच्या सीटला क्रोशाची लेस. आणि तिसऱ्या रांगेत खिडकीशी पिवळ्या बदकांचा अभ्रा. ती बदकं मी ओळखली. पाचवीपर्यंत मी त्यांच्यावर झोपले होते.

“सिल्व्हर पार्कच्या मावशींनी शिवलेत सर,” कंडक्टरताई कौतुकाने सांगू लागल्या. “पाचजणी आहेत. साडेनऊच्या फेरीला असतात रोज. बस सुरू झाली त्या आठवड्यातच माप घेऊन गेल्या. दोन सेट आहेत. एक धुवायला जातो, दुसरा घालतात. म्हणाल्या, एवढी चांगली सीट, लोक घाण करतील.”

साहेबांनी बदकांचा अभ्रा उचलला. खालची सीट कोरी करकरीत होती, कारखान्याचा वास जसाच्या तसा. त्यांनी दुसरा उचलला, तिसरा उचलला. मग तक्त्याकडे बघत म्हणाले, “किती सीट फाटल्या, असा रकाना आहे. इथे चार अभ्रे फाटलेत. अभ्र्यांचा रकाना नाही.”

मी हसत सुटले. थांबताच येईना. चाचांनी मला खाली उतरवून पाणी पाजलं. सहा आठवडे आमची सीट घराबाहेर न पडलेल्या सुनेसारखी बसली होती आणि आता सोमवारी तिचा निकाल होता.

मी आईला फोन लावला. “आई, बसला अभ्रे तू घातलेस?”

“आवडले का गं? झालर नंतर सुचली.”

“अगं आई, ती सीट लोकांनी खराब करावी म्हणून ठेवली होती! तीच तर परीक्षा होती!”

मग ती हळू म्हणाली, “मला काय माहीत. मी त्या रेघा ओळखल्या. वर्षभर डायनिंग टेबलावर बघत होते ना. बसमध्ये सगळ्यांना सांगितलं, हे माझ्या मुलीने केलंय. मग त्यावर कुणी पाय ठेवले की मला बघवेना.”

मी भांडायला फोन केला होता. पण ‘माझ्या मुलीने केलंय’ हे शब्द कानात असे शिरले, की पुढचं भांडण सुचेना. राग आला होता, अगदी शेंडीपर्यंत. आणि त्याच वेळी डेपोच्या मधोमध नाचावंसं वाटत होतं. इंटिरियरमधून मी एकदाची सीटवर आले होते.

साहेबांनी मेहेरबानी केली. “उद्या रविवार, ही बस उत्तनच्या फेरीवर लावतो,” ते म्हणाले. “अभ्रे काढा. मी स्वतः दिवसभर बसतो, संध्याकाळपर्यंत जे होईल ते लिहितो.” आईमुळे अट तशीही मोडलीच होती, म्हणून मलाही बसू दिलं. आईला मी सांगितलं नव्हतं, पण कंडक्टरताईंकडून कळलं म्हणून भाईंदर पश्चिमेच्या स्टॉपवर ती आधीच हजर होती, पर्स पोटाशी धरून.

उत्तनची रविवारची बस म्हणजे समुद्रावर जाणारी पोरंटोरं, ओले कपडे, वाळू, भेळ, बाजार आटोपून परतणाऱ्या कोळणींच्या पाट्या. मी हात चोळत बसले. आज माझ्या सीटची काय दुर्दशा होते बघू!

काहीही झालं नाही. साहेब पॅड घेऊन मध्यभागी बसलेले, त्यामुळे सगळ्या बसला वाटलं तिकीट तपासनीस आहेत. मुलांनी चपला काढून हातात घेतल्या. एक कोळीण मावशी बसण्याआधी पदराने सीट पुसू लागल्या. मी म्हटलं, “मावशी, बसा ना बिनधास्त. घाण झाली तर होऊ दे.” त्या माझ्यावरच डाफरल्या, “असा कसा गो? नवीन हाय ती!” मी एका कॉलेजच्या मुलीला पेन देऊन म्हटलं, काहीतरी लिही. तिने पुढे बसलेल्या मैत्रिणीला खूण केली आणि दोघी उठून मागे गेल्या. माणसं फाडतात ती कुणी बघत नसताना. ‘फाडा’ म्हटलं की सगळा महाराष्ट्र सभ्य होतो.

तिसऱ्या फेरीला उत्तनच्या शेवटच्या स्टॉपवर बस थांबली. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. “नुकसान काहीच नाही. पण तपासणीही काहीच नाही. मी काय लिहू? ‘तपासणी अपुरी’ एवढंच लिहू शकतो.” आणि अपुरी म्हणजे प्लॅस्टिक, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही.

तेवढ्यात आई उठली. मघाच्या त्याच मावशी पाटी घेऊन उतरायच्या बेतात होत्या. आई त्यांना म्हणाली, “तुमची सुरी द्या जरा.”

मावशींनी आईकडे बघितलं, पाटीतून मासे कापायची सुरी काढली आणि पदराला पुसून दिली. माझी आई शाकाहारी. मासळीबाजारावरून जाताना नाकाला रुमाल लावणारी. तिने ती सुरी मुठीत धरली, चष्मा वर सरकवला आणि तिसऱ्या रांगेतल्या सीटसमोर उभी राहिली.

“आई, राहू दे,” मी म्हणाले.

“तू गप्प बस,” ती म्हणाली, आणि डोळे मिटून सुरी खुपसली.

कर्र! सुरी जाळीवर थांबली. आईने डोळे उघडले. वाकून बघितलं, बोटाने चाचपलं. वर एक बारीक रेघ, बस्स. तिने पुन्हा मारली. मग आडवी ओढली, मग तिरकी. दात-ओठ खाऊन, बांगड्या मागे सारून, आयुष्यभर एक चादर मळू न देणारी ती बाई सीटवर तुटून पडली होती. अंबाडा सुटला तरी थांबेना. कोळीण मावशी ओरडल्या, “जात न्हाय! दे इकडं, मना बघू दे!” त्यांनी दोन वार केले. कंडक्टरताईंनी तिकिटाचं मशीन बाजूला ठेवून हात आजमावला. मागे गेलेल्या त्या कॉलेजच्या मुली धावत आल्या आणि कर्कटक आहे, कर्कटक आहे, म्हणून पिशवी उपसू लागल्या. पाणी प्यायला उतरलेला ड्रायव्हर परत चढला आणि रांगेत उभा राहिला. सगळी बस हसत होती, ओरडत होती, आणि मी हुंदके देत टाळ्या वाजवत होते.

साहेबांनी पॅड सीटवर ठेवलं. “आता मी बघतो,” ते म्हणाले, पण हात पुढे करून घुटमळले. सुरी परत आईकडे आली होती. तिला धाप लागली होती, कपाळावर घाम होता. तिने सुरीची मूठ साहेबांच्या हातात दिली.

“घ्या,” आई म्हणाली. “माझ्या मुलीने केलंय. हात आखडू नका.”