बाजूला झालेला माणूस

त्या वर्षी नेटुलवेवाच्या तळ्यातली कमळं चिखलात बसली होती. म्हशी मधोमध जाऊन उभ्या राहिल्या तरी त्यांची पोटं कोरडीच राहायची. पाणी रोज थोडं मागे सरकत होतं, आपल्याला कुणी पाहू नये अशा बेतानं.

तिलकसिरी मात्र रोज पाहत होता. तळ्याखालच्या भातशेतीचा तो सरकारी अधिकारी. कोणत्या हंगामात किती शेत पेरायचं, तळ्याचं पाणी सोडायची मोरी कधी उघडायची, हे ठरवणाऱ्या गावबैठकीला बसायचं काम त्याचं. त्याचा जन्म याच गावातला. आई गेली तेव्हा तो रांगत होता. थोरल्या बहिणीनं, सोमावती अक्कानं, शाळा सोडली आणि त्याला कडेवर घेतलं, ते त्याला नोकरी लागल्यावरच खाली ठेवलं. ती त्याला 'मल्ली' म्हणायची, धाकट्या भावाला म्हणतात तसं. मग तिचं लग्न जिनदासशी झालं. जिनदासची शेतं अगदी मोरीला लागून. उन्हाळी हंगामात तळ्याचं पाणी आधी तिथं पोचायचं, मग इतरांकडे.

पाणी कमी असलं की या गावात बेथ्म करतात. खालची शेतं पडीक ठेवायची आणि मोरीजवळच्या वरच्या शेताचे तुकडे पाडून ते सगळ्या गावानं एका हंगामापुरते पेरायचे. कापणी झाली की ज्याचं त्याला परत. वरच्यांचं पीक घटतं, पण कुणाची चूल विझत नाही. बापजाद्यांपासून असंच चालत आलेलं. यंदा तेच करावं लागणार हे तिलकसिरीला तळ्याकडे नुसतं बघून कळत होतं.

पण वरच्या शेतात यंदा विजेपाल मुदलाली या बड्या व्यापाऱ्यासाठी बियाण्याचं भात व्हायचं होतं. मुदलालीची गिरणी होती, आणि गिरणीच्या पाठीशी प्रांताचा मंत्री होता. मुदलाली कचेरीत आला, खुर्ची ओढून ऐसपैस बसला आणि साहेबाला म्हणतात तसं 'महत्तया' म्हणून बोलू लागला.

"महत्तया, मन्नारला मासे फार स्वस्त मिळतात म्हणे. बाईंना आवडतात का मासे?"

"बदलीची धमकी देताय?"

"छे हो! माशांचं बोलतोय. तुम्ही सरकारी माणसं साधं काही ऐकूनच घेत नाही." तो हसला. "वरचं शेत अख्खं राहू द्या, एवढंच. तुमच्याच बहिणीचं आहे, परक्याचं नाही."

मन्नारला तिलकसिरी गेला असता. उन्हाची, खाऱ्या वाऱ्याची त्याला भीती नव्हती. भीती होती ती दुसऱ्या दिवशी आली.

कचेरीच्या व्हरांड्यात लोकांच्या रांगेत अक्का उभी होती. पांढरी साडी नेसलेली, देवळात जाताना नेसायची ती. हातात विड्याच्या पानांची जुडी. तिलकसिरी धावत बाहेर आला.

"अक्का, इथं कशाला? घरी का नाही आलीस?"

"घरी माझा मल्ली राहतो," ती म्हणाली. "मला साहेबाकडे काम आहे."

आणि तिनं वाकून दोन्ही हातांनी पानं पुढे केली. नव्या वर्षाला आजवर तोच तिला पानं देऊन पाया पडत आला होता. धाकट्यानं थोरल्याला द्यायची असतात ती. रांगेतल्या बाया वळून बघू लागल्या.

"उभी राहा, अक्का. अगं, काय करतेस हे!"

"पोरीचं लग्न या पिकावर ठरलंय. तुकडे पडले तर मुदलाली बियाण्याचं बोलणंच मोडील. तुझ्यापाशी कधी काही मागितलं का रे मी? सांग."

कधीच मागितलं नव्हतं. तीच तर पंचाईत होती. पानं न घेणं म्हणजे सगळ्या गावादेखत तिला नाकारणं, आणि घेणं म्हणजे शब्द देणं. त्यानं घेतली. पानं ओली होती. ती पाण्यानं की तिच्या हातांच्या घामानं, ते त्याला कळलं नाही.

दोन दिवस गेले. मग त्याला नियम आठवला. नातेवाइकांचा लाभ गुंतला असेल तिथं अधिकाऱ्यानं स्वतः बसू नये. किती स्वच्छ नियम! त्यानं वर कळवलं की वरचं शेत माझ्या बहिणीच्या नवऱ्याचं आहे, सबब या बैठकीला दुसऱ्या कुणाला नेमावं. वरच्या साहेबानं फोनवर त्याचं कौतुक केलं. शेजारच्या भागातून गुणतिलकला पाठवतो, म्हणाला.

गुणतिलक दर महिन्याला मुदलालीच्या गिरणीवर जेवायला असायचा. हे तिलकसिरीला ठाऊक होतं. तरी फोनवर तो एवढंच म्हणाला, "ठीक आहे, साहेब."

बैठक देवळाच्या आवारात झाली. तिलकसिरी घरातच बसून होता. ध्वनिक्षेपकावरून गुणतिलकचा आवाज तिथवर येत होता: यंदा पाणी पुरेल, बेथ्मची गरज नाही, सगळ्यांनी आपापलं शेत पेरावं. टाळ्याही ऐकू आल्या.

संध्याकाळी किरिहामी आला. त्याचे वाफे अगदी शेवटी, जंगलाच्या कडेला. म्हातारा ओट्यावर टेकला. तिलकसिरीच्या बायकोनं कोरा चहा आणि गुळाचा खडा आणून दिला.

"माझं शेत इतकं खाली आहे," तो म्हणाला, "की पाण्यालाही तिथवर यायला बस धरावी लागते. म्हणून विचारायला आलो. त्या साहेबाला आपलं तळं काय माहीत! तुम्ही यात पोहायला शिकलात. पुरेल का पाणी?"

तिलकसिरी गुळाच्या खड्याकडे बघत राहिला. त्यावर एक मुंगी चढली होती.

"किरिहामी मामा, मी त्या कामातून बाजूला झालोय. मला त्यावर बोलता येत नाही."

"बैठकीतलं विचारत नाही हो. नुसतं सांगा. घरातलं बियाणं पेरू, का खाऊ?"

"बोलता येत नाही, मामा. नियम आहे."

म्हाताऱ्यानं मान डोलावली. तोंडावर राग नव्हता. त्यानं त्या 'नाही'चा अर्थ 'भिऊ नका' असा लावला असावा. वाईट असतं तर आपल्या गावच्या पोरानं सांगितलंच असतं, असं त्याला वाटलं असणार. त्यानं पेरलं.

भात ओंब्यांवर यायच्या आत तळं आटून मोरीला चिखल लागला. वरचं शेत तोवर पिऊन बसलं होतं. खालची शेतं आधी पिवळी पडली, मग राखेच्या रंगाची झाली, आणि एके दिवशी किरिहामीनं त्यात गुरं सोडली.

अक्काकडच्या लग्नाची तारीख ठरली. "मल्लीनं शब्द राखला," असं ती सगळ्यांना सांगत होती. खालची माणसंही त्याला वाटेत भेटली की थांबायची, हात जोडायची. पानं घेतलेली त्यांनी पाहिली होती. तरीही तो बहिणीसाठी बैठकीला बसला नाही, म्हणजे केवढा सरळ माणूस! दोन्हीकडून त्याची स्तुती होत होती आणि तो त्या दोन स्तुतींच्या मधून मान खाली घालून सायकल हाकत होता.

एका सकाळी बांधावर किरिहामी भेटला. खांद्यावर कुदळ, डब्यात भाकर. तिलकसिरी सायकलवरून उतरला.

"मामा, त्या दिवशी मला माहीत होतं," तो म्हणाला. "पाणी पुरणार नाही, हे माहीत होतं मला."

किरिहामीनं त्याच्याकडे पाहिलं.

"माहीत असणारच," तो म्हणाला. "तुम्ही इथलेच." मग त्यानं कुदळ दुसऱ्या खांद्यावर घेतली. "पण नियम होता ना. जातो मी, महत्तया. तुमच्या अक्काच्या शेतात आज मजुरीला आहे. उशीर झाला तर जिनदास ओरडतो."

तो वरच्या, हिरव्या बाजूला चालू लागला.