पप्पांचा ‘राइट’

मंडळी, एका साध्या इंग्रजी शब्दात किती मावतं, ते आज दुपारी घरी बघितलं.

पप्पा मुलुंडला ड्रायव्हिंग शिकवायचे. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर त्यांच्याकडे एकच शब्द उरलाय, ‘राइट’.

आज जेवण झाल्यावर ते म्हणाले, "राऽऽइट." मी पाणी दिलं, पंखा वाढवला. ते चिडले. "राइट."

आई किचनमधून ओरडली, "अरे, खालच्या मांजरीला बांगड्याचं डोकं द्यायचं राहिलं, ते सांगतायत."

मी ते नेऊन ठेवलं, तेव्हा कुठे पप्पा शांत झाले.

"तुला कसं कळतं गं?"

"आधी तरी कुठे जास्त बोलायचे? तेव्हाही मी आवाजावरूनच ओळखायचे."

पप्पा तिच्याकडे बघत हळूच म्हणाले, "राइट."

तो मात्र मलाही कळला.