ड्रायर पेटेना त्या दिवशी

आमचा मालक मला मावशी म्हणतो. नातं लावायला पैसे पडत नाहीत, त्यामुळे लालबागमध्ये माझ्यासारख्या बाया सगळ्यांच्याच मावश्या असतात. चादरीवर डाग राहिला, टॉवेल दमट गेले, की त्याच मावशीची 'अहो बाई' होते. त्याचं वाईट वाटणं मी केव्हाच सोडून दिलं होतं.

लॉन्ड्री म्हणजे एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरचा लांबट गाळा. नर्सिंग होमच्या आणि छोट्या गेस्ट हाउसच्या चादरी, टॉवेल, पडदे आमच्याकडे यायचे. पुढे धुण्याची मशीन, मध्ये कपडे पिळणारा हायड्रो आणि पार मागे, भिंतीपासून जेमतेम फट सोडून ड्रायर. पाइपच्या गॅसवर चालणारा, वाकलं तर माणूस आत शिरेल एवढ्या तोंडाचा. मालकाच्या वडिलांनी तो आणला तेव्हापासून माझ्याकडेच होता. उन्हाळ्यात त्याच्यापुढे उभं राहणं म्हणजे चुलीत डोकं घालणं. तरी मी कुरकुर केली नाही, कारण घर पुढच्या गल्लीत. सासू अंथरुणाला खिळलेली, दुपारी जाऊन तिला भरवायचं, कूस बदलून द्यायची आणि परत कामावर यायचं. माझ्या वयाच्या बाईला एवढी सूट देणारी दुसरी नोकरी कुठे मिळणार होती?

दसऱ्याला मशीनची पूजा करायचं काम दरवर्षी माझं. हळदकुंकवाची बोटं, दाराच्या कडीला छोटा हार, पेढा, नमस्कार. दहा मिनिटांचा मामला. त्या वर्षी मात्र मालक स्वतः नवा सदरा घालून आला. झेंडूचे आणि आंब्याच्या पानांचे भलेमोठे हार घेऊन आला. स्टुलावर चढला, हार ड्रायरच्या मागून ओढून घेतला, गाठ मागच्या मागे दडवली आणि पुढून कसं दिसतंय ते लांब जाऊन पाहिलं. फटीत हात घालून मागच्या पत्र्यावरही पंचपाळं उपडं केल्यासारखं हळदकुंकू लावलं. मला बरं वाटलं. एवढ्या प्रेमाने पूजा करतोय म्हणजे लॉन्ड्री चालवायचं मनात आहे, असं मी चादरींच्या घड्या घालणाऱ्या, आमच्या घडीवाल्या बाईला म्हटलंसुद्धा. आजूबाजूचे गाळे एकेक करून गेले होते, त्यामुळे आम्ही दोघी अशा बारीकसारीक गोष्टींवरून अंदाज बांधत बसायचो.

दुसऱ्या दिवशी सकाळी हार उतरवले, ओल्या चादरी भरल्या आणि बटण दाबलं. ड्रम फिरला, पंखा घुमला, पण हवा गारच. थोड्या वेळाने लाल दिवा लागला. पुन्हा चालू केला, पुन्हा तेच. मालकाला फोन लावला. तो आधी म्हणाला, माचीस लावून पेटत नाही का? जणू घरची शेगडीच. मी नाही म्हटल्यावर म्हणाला, "मावशी, संध्याकाळच्या आत चालू झाला पाहिजे. नाहीतर सगळा माल भिवंडीच्या धुलाई प्लान्टला पाठवावा लागेल. मग ही लॉन्ड्री ठेवून उपयोग काय?"

काम तिकडे गेलं की मलाही तिकडेच जावं लागणार. भिवंडीला जाऊन-येऊन सासूला दुपारचं कोण भरवणार?

मेकॅनिक दसऱ्याला संगमेश्वरकडे त्याच्या गावी गेलेला. मी माझ्या अकलेने सुरुवात केली. गॅसचा कॉक बघितला, उघडाच होता. त्याच पाइपवरच्या शेजारच्या खानावळीत विचारलं, त्यांच्या शेगड्या फुरफुरत होत्या. जाळी काढून कापसाचा भुगा झटकला. ठिणगीच्या कांडीवरची काजळी पुसली. घामाने निथळले, पण ड्रायर ढिम्म. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं चाललं होतं माझं.

शेवटी मेकॅनिकचा फोन लागला. त्याच्या मागे कोंबडे ओरडत होते आणि हा उंटावरून शेळ्या हाकत होता, पण हाकत नीट होता. त्याने विचारलं, "ताई, चालू केल्यावर टकटक ऐकू येते का?" मी पंखा घुमत असताना पत्र्याला कान लावला. एरवी ठिणगीची टकटक येते, मग गॅस पेटतो. आज टकटकच नव्हती.

तो म्हणाला, मग गॅसच्या मागे लागू नका, हवा बघा. मशीनच्या पाठीला पत्र्याची एक गोल झडप असते. पंख्याने हवा ओढली की ती आत खेचली जाते आणि तिच्यामागचा खटका दबतो. खटका दबला तरच मशीन ठिणगी टाकणार आणि गॅस सोडणार. झडप हलली नाही, तर हवा नाही असं समजून ते गप्प बसतं. बसलेलं बरंच, नाहीतर गॅस कोंडून भडका उडाला असता. मेन स्विच बंद करूनच हात घाला, हे त्याने पुन्हा पुन्हा बजावलं.

भिंत आणि ड्रायर यांच्यामध्ये माझ्यासारखीने शिरायचं म्हणजे पोट घरी ठेवून यायला हवं. घडीवाली बाई मोबाइलचा उजेड धरून उभी. "सांभाळून गो, अडाकतलंस थंय," म्हणाली. मी आडवी आडवी सरकत पोचले. झडपेच्या फटीत आंब्याचं पान दुमडून बसलं होतं. हाराचा दोरा बिजागरीला गुंडाळलेला, आणि त्यावर ओल्या हळदकुंकवाचा थर वाळून खडखडीत झालेला. हार ओढून उतरवताना मागे एवढं राहिलं होतं. देवाचा आशीर्वाद मिळावा म्हणून मशीनचा गळाच आवळला होता आमच्या मालकाने.

पान ओढलं, दोरा कापला, ओल्या फडक्याने झडप पुसली. बोटाने ढकलून बघितली तर आता अलगद हलत होती. बाहेर आले, मेन चालू केला, बटण दाबलं. टकटकटक, आणि मग भप्प. बारीक काचेतून निळी ज्योत दिसली. मला रडू आलं, आणि आलं त्याची लाज वाटली नाही. घडीवाल्या बाईने ड्रायरला हात जोडले. मी म्हटलं, हात जोड, पण आता कुंकू लावू नको.

मालकाला फोन केला. कोणाच्या हाराने घात केला ते सांगायची सोय नव्हती, तेव्हा पान अडकलं होतं एवढंच सांगितलं. तो खूश झाला. आता बंद करू नका, चालूच ठेवा, म्हणाला. दुपारी घरी जाऊन सासूला पेज भरवताना सगळं सांगितलं. "देवान राखल्यान," ती म्हणाली. मलाही तसंच वाटत होतं.

चारच्या सुमारास मालक एका गृहस्थाला घेऊन आला. नवीन गिऱ्हाईक असणार, मोठं हॉटेल वगैरे, असं मी धरून चालले. त्याने ड्रमवरून हात फिरवला, गरम हवेत पंजा धरला, आवाज ऐकला. मला विचारलं, त्रास वगैरे देतो का? मी म्हटलं, एवढ्या वर्षांत बेअरिंगसुद्धा एकदाच बदललंय, नवीन मशीन याच्यापुढे काही नाही. उत्साहाने दार उघडून जाळी दाखवली, पाठीमागची झडप कशी चालते तेही सांगितलं. मालक बाजूला उभा राहून मान डोलवत होता. मुलीला दाखवायला बसवावं आणि आईने तिच्या कौतुकाला सुरुवात करावी, तशी मी बोलत होते.

गृहस्थ मालकाकडे वळला. "ठीक है, सोमवार को गाड़ी भेजता हूँ. हायड्रो भी साथ में उठा लेंगे."

तो गेल्यावर मी मालकाला विचारलं. त्याने नजर चुकवली नाही, हेच जास्त लागलं. गाळा भाड्याने दिलाय, म्हणाला, तिथे कॅफे येतोय. भिवंडीबद्दल विचारलं, तर सोमवारपासून गिऱ्हाइकं तिकडे द्यायचं कधीच ठरलं होतं. महिनाअखेरपर्यंतचा पगार देईन, माणुसकी सोडणार नाही, असंही म्हणाला.

"मग सकाळी का नाही सांगितलंत?"

"आधी सांगितलं असतं तर मशीनला हात लावला असता का तुम्ही?"

मी ड्रायरकडे वळले. लावला असता. आत नर्सिंग होमच्या ओल्या चादरी होत्या, त्या संध्याकाळी कुणाच्या तरी अंगाखाली जायच्या होत्या. शिव्या घातल्या असत्या, पण मागे शिरले असते. एवढी वर्षं त्याच्या समोर राबून त्याला माझ्याबद्दल एवढंही कळलं नव्हतं. चादरी वाळेपर्यंत थांबले, बाहेर काढल्या, कॉक बंद केला आणि त्याच्यासमोरून घरी निघून आले.