वगळलेली इमारत

काळाचौकीची आमची चाळ पाडून तिथे दोन इमारती उभ्या राहिल्या. एक आम्हा जुन्या भाडेकरूंची, दुसरी विक्रीची, अर्थातच जास्त उंच, तिला सगळे टॉवर म्हणतात. मंडळाचा गणपती दोघींच्या मध्ये, पूर्वी बसायचा तिथेच बसतो. चाळीत आरती खाटेवर पडल्या पडल्या ऐकू यायची. बाराव्या मजल्यावर झांजसुद्धा पोचत नाही. म्हणून मी मांडवातल्या कॅमेऱ्याचं चित्र घरोघरच्या टीव्हीवर आणलं. नेटवर्क हा माझा पोटापाण्याचा धंदा.

मांडवाजवळच्या खोलीत एक स्विच आहे, म्हणजे नेटवर्कच्या सगळ्या वायरी जुळतात तो डबा. त्यात दोन्ही इमारतींची नेटवर्कं वेगळी, व्हीएलॅन म्हणतात त्यांना. इकडचं तिकडे जात नाही. चित्र मात्र दोन्हीकडे हवं. त्यासाठी मल्टिकास्ट. कॅमेरा चित्र एकदाच सोडतो, आणि ज्याने मागितलं त्यालाच स्विच ते देतो, प्रसादाला हात पुढे करावा तसं. मागण्याची मुभा कुणाला, ती यादी तेवढी आपण लिहायची.

हे सगळं मी माझ्या मित्राला शिकवलं. चाळीत तो शेजारच्या खोलीतला, माझ्या आईच्या हातचं खाऊन वाढलेला. दुसऱ्या कुणाला मी वेगळं लॉगिन दिलं असतं. त्याला माझाच पासवर्ड दिला. चाळीत त्यांच्या खोलीची चावी आमच्या खुंटीला असायची आणि आमची त्यांच्या. सवय जात नाही.

त्या वर्षी बाबा अंथरुणाला खिळले होते. विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळच्या आरतीचा पहिला मान वर्षानुवर्षं त्यांचा. पुढचा गणपती ते बघतील, असं डॉक्टरही म्हणत नव्हते. उशा लावून त्यांना बसवलं, अंगात धुवट सदरा घातला. त्यांनी हात जोडले आणि टीव्ही काळा झाला.

मी आधी वायर हलवली, बॉक्स बंद-चालू केला, शेजारी धावलो. तिथेही टीव्ही काळाच. शेवटी लॅपटॉप उघडून स्विचची नोंद पाहिली. यादीतून आमची इमारत काढलेली. लॉगिन माझं, लॅपटॉप मित्राचा. तोवर आरती संपली होती.

मी त्याला फोन लावला.

"अरे, टॉवरवाल्यांचं चित्र अडकत होतं. त्यांची कमिटी इथेच उभी होती. म्हटलं, थोडा वेळ तुमची बिल्डिंग काढून बघू," तो म्हणाला. "आणि उगाच बोंबाबोंब नको करू हां. लॉगिन तुझंच आहे."

तुमची बिल्डिंग! राहतो आमच्याच इमारतीत, नवव्या मजल्यावर. टॉवरच्या सोसायटीचं नेटवर्कचं काम त्याला हवं होतं, हे मला ठाऊक होतं. पण आम्हाला काढून त्यांचं चित्र सुधारणार नव्हतं. दोन्हीकडे एकेकच प्रत जाते, हे मीच त्याला शिकवलेलं. काहीतरी केल्याचं दाखवायला त्याने माझ्या बापाची आरती कापली. इतका संताप मला कुणाचाच आला नव्हता.

मी यादी परत लिहायला घेणार, तेवढ्यात तो प्रसादाचा द्रोण घेऊन दारात हजर.

बाबांचा चेहरा उजळला. "इलंस? बघ रे जरा. ह्याका काय जमणा नाय."

तोंडाशी आलेलं मी गिळलं. आरती तर गेलीच होती. तो पोरगाही त्यांच्याकडून का काढून घ्यायचा?

त्याने लॅपटॉप मांडीवर ओढला. माझा पासवर्ड टाकला, माझ्याकडे न बघता. टीव्हीवर मांडव आला. दोन माणसं सतरंजी गुंडाळत होती.

"तू होतंस म्हणान," बाबा म्हणाले, आणि त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

पुढचा गणपती बाबांनी पाहिला नाही. पण ते गेले त्या आठवड्यापर्यंत, टीव्ही जरा अडखळला की मला म्हणायचे, "तू ऱ्हव दे. तेका बोलव."

आणि मी बोलवायचो.