आमच्या घराण्याचा ताप

सिरवार्तमावशी बूट शिवायची. तळ नव्हे, वरचा चामड्याचा भाग. बेरूतच्या बुर्ज हम्मूदमधल्या आमच्या गल्लीत सकाळी तिच्या यंत्राचा खडखडाट सुरू झाला की समोरचा सोनार दुकान उघडायचा. बोटं जाड, आवाज त्याहून जाड. हसली की तिसऱ्या मजल्यावरच्या खिडक्या उघडायच्या. नवरा लवकर गेला. त्या यंत्रावरच तिने लेकीला, आर्पीला, शिकवलं, तिचं लग्न लावलं आणि तिला कॅनडाला धाडलं. विमानतळावर रडली नाही. घरी येऊन मात्र चार दिवस कुणाशी धड बोलली नाही.

आता आमच्या तापाविषयी सांगते, कारण त्याशिवाय मावशीची गोष्ट सांगताच येत नाही. हा ताप न सांगता येतो, पोट नाहीतर छाती आवळून धरतो आणि दोन-तीन दिवसांनी जसा आला तसा निघून जातो. रक्तातून येतो, शेजाऱ्याला लागत नाही. आम्हा आर्मेनियन लोकांत पुष्कळांना असतो. रोज एक छोटी पांढरी गोळी घेतली की बहुधा गप्प बसतो. पूर्वी डॉक्टरांना तो ओळखूच यायचा नाही. पोट दुखतंय, ताप आहे, मग काढा अपेंडिक्स! त्यामुळे आमच्या घरात अपेंडिक्ससकट पुरलेला माणूस विरळाच. सिरवार्तमावशीच्या पोटावर दोन वण आहेत. अपेंडिक्स निरोगी निघालं म्हणून दुसऱ्यांदा आणखी काहीतरी शोधायला गेले होते.

आणि या तापाहून कडक होती थोरली झाबेलमावशी. लग्न केलं नाही, कायम काळा पोशाख, गळ्यात मोत्यांची माळ, पाठ भिंतीसारखी ताठ. घरातलं दुखणं उंबऱ्याबाहेर गेलं की पोरींची लग्नं मोडतात, हा तिचा कायदा. म्हणून गोळ्या आणायच्या त्या शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून, जिथे आम्हाला कुणी ओळखत नाही. डॉक्टरकडे जायचं नाही, कागद करायचा नाही, फोनवर त्या दुखण्याचं नाव काढायचं नाही. तिला स्वतःला हा ताप नव्हता, म्हणून तर मला तिचा जास्तच राग यायचा. ती फारच धार्मिक. वर्षातून चार-पाचदा मौनव्रत धरून खोलीचं दार लावून घ्यायची. तेवढे दिवस आम्ही घरात मोठमोठ्याने गाणी लावायचो.

आर्पीचं पहिलं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो, तो तेव्हा देशाच्या दुसऱ्या टोकाला होता. माँट्रियालच्या हॉस्पिटलात ती एकटी होती. वर्षभराने तिला पुन्हा दिवस राहिले, तेव्हा तिने फोनवर एवढंच सांगितलं, "आई, या वेळी मला एकटीने नाही जमणार. तू ये." मावशीचे कॅनडाला कायमचं जाण्याचे कागद आधीपासून चालू होतेच. सगळं पार पडलं होतं, राहिली होती फक्त वैद्यकीय तपासणी. आणि बाळंतपणाला दोन महिनेही उरले नव्हते.

तपासणीची तारीख कळली आणि थोरल्या मावशीने हुकूम सोडला, "गोळ्या बंद कर."

"थोरली मावशी, वेड लागलंय का?" मी म्हटलं. "गोळी बंद केली की ताप आलाच!"

"आणि तालीन, रक्तात औषध सापडलं तर? कशाचं आहे म्हणून विचारतील. काय सांगणार? आजारी बाई कोण घेतं गं आपल्या देशात?"

सिरवार्तमावशी पोलिसाला भीत नाही, घरमालकाला भीत नाही, पण थोरल्या बहिणीपुढे तिची मान खाली. आणि खरं सांगायचं तर तिला आर्पीच्या वाटेत काहीही यायला नको होतं, स्वतःचं दुखणंसुद्धा. तिने गोळ्यांची डबी कपाटावर टाकली आणि मेरीमातेपुढे मेणबत्ती लावली. मला डबी आणि मेणबत्ती दोन्ही उचलून तिच्या हातात द्याव्याशा वाटल्या, पण आमच्याकडे भाचीचं ऐकतो कोण!

तपासणीला आम्ही चौघं गेलो. आमच्यात डॉक्टरकडे एकटं कुणी जात नाही. एकटं गेलं तर लोकांना वाटतं, याचं कुणी नाही बिचाऱ्याचं. ओहान्नेसमामा कॉफीचा थर्मास, कप आणि भाजलेल्या बियांचा पुडा घेऊन निघाला. थोरली मावशी मोज्यांपासून मोत्यांपर्यंत सजून. गाडी मी चालवली. दवाखाना चौथ्या मजल्यावर, वीज गेलेली, लिफ्ट बंद. चढा पायऱ्या!

तिसऱ्या मजल्यावर सिरवार्तमावशी थांबली. हात उजव्या बरगडीखाली.

"मावशी, आला?" मी हळूच विचारलं.

"गप."

मागून थोरलीचा आवाज, "सरळ चाल. तोंड हसरं ठेव."

दाराशी शिपायाने अडवलं. "पेशंट कोण?"

"ही," मामा म्हणाला.

"मग तुम्ही सगळे?"

"आम्ही हिचे."

"हिचे असतील त्यांनी जिन्यात बसायचं."

मामाने त्याला कॉफी दिली, पण त्या माणसाला कॉफीही आवडली आणि नियमही. मला तेवढं आत घेतलं, कारण मावशीचं अरबी असं आहे की ती मिशीवाल्या हवालदाराशीही बाई समजून बोलते.

डॉक्टर घस्सान साठीकडे झुकलेले, बोलणं मोजकं. त्यांनी छातीचा फोटो काढून घेतला, थर्मामीटर लावलं, छाती ठोकून पाहिली. मावशी हसरं तोंड धरून बसली होती आणि तिच्या कपाळावरून घाम गालावर येत होता. डॉक्टरांनी फोटो उजेडापुढे धरला.

"ताप बराच आहे. आणि उजव्या फुफ्फुसाखाली थोडं पाणी दिसतंय. मला क्षयाची शंका धरावीच लागेल. थुंकीचे नमुने पाठवतो. निकाल यायला दोन महिने लागतात."

"दोन महिने?" मावशीने विचारलं. तिला अरबी चांगलं कळलं होतं, तरी तिने माझ्याकडे बघितलं.  मी मान हलवली.

मग तिचं ते हसरं तोंड गेलं. "डॉक्टर, हा क्षय नाही. हा आमचा ताप आहे. आर्मेनियन ताप. परवा-तेरवापर्यंत उतरतो."

"हा ताप मला माहीत आहे," डॉक्टर म्हणाले. "कोणत्या डॉक्टरचं औषध चालू आहे?"

"कुणाचंच नाही."

"जुने रिपोर्ट?"

"नाहीत."

"गोळी घेता?"

"घेत होते. दहा दिवसांपूर्वी बंद केली."

"का?"

मावशीने हातचं काही राखलं नाही. "तुम्हाला सापडू नये म्हणून."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे बाई, इतकी वर्षं तुम्ही हे दुखणं सगळ्या जगापासून लपवलंत, दहा दिवस खास माझ्यापासून लपवलंत, आणि आता मी ते मानावं असं म्हणता? या खुर्चीत बसून रोज कुणी ना कुणी मला काहीतरी सांगतं. नुसत्या सांगण्यावर मी सही कशी करू?"

माणूस चुकीचं बोलत नव्हता, हेच तर वाईट होतं. मी मनातल्या मनात आर्पीला फोन कसा करायचा त्याची जुळवाजुळव करायला लागले. सिरवार्तमावशी मात्र उठली. एक हात बरगडीवर, दुसऱ्याने दार उघडलं आणि तिचा तो गल्लीभर जाणारा आवाज जिन्यात सोडला.

"ओहान्नेस! आत ये आणि पोट दाखव!"

शिपाई अडवायच्या आत मामा कॉफीच्या कपासकट आत. "कुणाला दाखवायचं?"

"डॉक्टरांना. अजून कुणाला, शिपायाला?"

मामाने शर्ट वर केला. हा मोठा वण. मग मीही ब्लाउजची कड उचलून माझा दाखवला, अकराव्या वर्षीचा. मावशीने आपले दोन्ही दाखवले. बाजारात माल मांडावा तशी आम्ही पोटं मांडली.

डॉक्टरांच्या ओठाचा कोपरा हलला, पण तेवढाच. "अपेंडिक्स तर अर्ध्या बेरूतचं काढलेलं आहे. यावरून काय ठरतं?"

तेवढ्यात दारात थोरली मावशी उभी राहिली. मी म्हटलं, आता संपलं. घराण्याची लक्तरं परक्या माणसापुढे पसरलेली तिने बघितली. आता ही आम्हाला जिन्यावरून खाली लोटणार. तिने शांतपणे दार लावलं, कुणी न सांगता खुर्चीवर बसली आणि खाली वाकून बूट काढायला लागली.

"ताई, काय करतेयस?" सिरवार्तमावशीने विचारलं.

"तुझं सांगून झालं ना? आता तू गप."

तिने काळा मोजा खाली सरकवला. घोट्याच्या वर तळहाताएवढा लालभडक चट्टा होता, कडा उठलेल्या. पाय सुजलेला. "हात लावून बघा, डॉक्टर," ती म्हणाली.

डॉक्टर गुडघ्यावर बसले. हात लावला. मग तिच्या कपाळालाही लावला. "तुम्हालाही ताप आहे. कधीपासून?"

"या पायाला? पायऱ्या चढले तेव्हापासून. जास्त चाललं की होतो असा. अंगातला ताप लहानपणापासून. आमच्या वडिलांनाही होता. त्यांची मूत्रपिंडं त्यातच गेली, ते अंग सुजून वारले. तेव्हा ही गोळी कुणाला ठाऊक नव्हती." तिचा आवाज अजिबात हलत नव्हता. "माझी सोयरीक ठरली होती. सासू मिठाईचं ताट घेऊन आली, तर मी तापाने फणफणत, पोट धरून पलंगावर. दुसऱ्या दिवशी अंगठी परत. मग मी ठरवलं, या घरातल्या दुसऱ्या कुठल्या मुलीची अंगठी परत जाऊ द्यायची नाही."

"म्हणजे तुझी ती व्रतं..." मामाच्या तोंडून निघालं.

"कसली व्रतं रे? उशी चावत पडलेली असायची मी."

मला तिथल्या तिथे रडू फुटलं. दाराच्या आत ती उशी चावत होती आणि दाराबाहेर आम्ही गाणी लावत होतो. सिरवार्तमावशी खाली बसली. तिने बहिणीचा सुजलेला पाय आपल्या मांडीवर घेतला.

डॉक्टर उठून आपल्या खुर्चीत बसले. "असा चट्टा क्षयाने येत नाही," ते म्हणाले. "दोघी सख्ख्या बहिणी, एकाच सकाळी, आणि वडिलांचंही तेच. ठीक. गोळी दोघींनी आजच सुरू करायची. रक्त देऊन जा. सोमवारी पुन्हा फोटो काढू. पाणी आटलेलं असलं तर तो तापच होता असं मी लिहीन. पण दुखणंही लिहीन, लपवणार नाही."

"दुखणं लिहिलं तर तिला घेतील?" थोरलीने विचारलं. साऱ्या आयुष्याची भीती त्या एका प्रश्नात होती.

"साधी स्वस्त गोळी आहे हो, बाई. तिच्यापायी कुणी परत पाठवत नाही. आज तुमची बहीण परत जात होती ती लपवल्यामुळे."

थोरल्या मावशीने मोत्यांची माळ सारखी केली. ती म्हणाली, "मग लिहा. घराण्यात आणखी कुणाला, असं विचारलं असेल तिथे माझं नाव घाला. पूर्ण नाव. वडिलांच्या नावासकट."

उतरताना तिला पाय टेकवेना. मी आणि मामाने हातांची खुर्ची केली आणि तिला त्यावर बसवलं. "हळू! मी काय पिठाचं पोतं आहे?" ती प्रत्येक मजल्यावर ओरडत होती. पुढे सिरवार्तमावशी छाती धरून हसत होती, हसलं की दुखत होतं, दुखलं की शिव्या देत होती आणि पुन्हा हसत होती. मागे थर्मास घेऊन खुद्द शिपाई. खालच्या मजल्यावरच्या लोकांना वाटलं, कुणाचं लग्न आहे.

सोमवारी फोटो स्वच्छ निघाला. डॉक्टरांनी तो खिडकीपाशी धरून आम्हा सगळ्यांना दाखवला. त्यातलं आम्हाला काही कळलं नाही, तरी मामाने त्यांचे दोन्ही गाल चुंबले. थोड्याच दिवसांत व्हिसा आला आणि मावशी बॅगेत गोळ्यांच्या डब्या अगदी वर, उघड्यावर ठेवून गेली.

आर्पीची वेळ आली तेव्हा आमच्याकडे दुपार होती. जावई घरी पोचला नव्हता, या वेळीही नाहीच. सिरवार्तमावशीने व्हिडिओ फोन लावून तो पलंगावर कुठेतरी टाकला होता. आम्हाला दिसत होतं फक्त हॉस्पिटलचं छत. ऐकू मात्र सगळं येत होतं. आर्पी ओरडत होती, "आई, नको, मला नाही जमत!" आणि मावशी तिच्यावर ओरडत होती, "जमतंय! मी आहे ना इथे! माझा हात मोड हवा तर, पण सोडू नकोस!" नर्स फ्रेंचमध्ये काही सांगत होती, तिच्यावरही मावशी आर्मेनियनमध्ये ओरडत होती. थोरली मावशी टेबलावरच्या फोनमधल्या त्या छताकडे डोळे लावून बसली होती. जपमाळ हातात, पण मणी एकही पुढे सरकत नव्हता.

मग अचानक सगळे आवाज थांबले. मामाने माझं मनगट पकडलं. 

आणि मग एक बारीक, चिडकं, दमदार रडणं फोनमधून आमच्या स्वयंपाकघरात आलं.

थोरली मावशी उठून उभी राहिली. "रडतंय!" ती ओरडली. "तालीन, ऐकलंस? रडतंय गं, रडतंय!" तिकडून सिरवार्तमावशीचा आवाज आला, हसत होती की रडत होती ते कळत नव्हतं, "ताई, मुलगी आहे! आर्पीच्या छातीवर ठेवलीय! दोघी माझ्यासमोर आहेत!"

"मग आमच्याशी काय बोलत बसलीयस?" थोरली फोनवर खेकसली. "त्यांच्याकडे बघ!"