नंबर आला की निरोप येईल

बीडला आमचं ऑफिस म्हणजे एका मेडिकलच्या दुकानावरच्या दोन खोल्या. तिथं आम्ही दवाखान्यांसाठी मोबाइलचे ॲप बनवतो. ॲपमध्ये जे मराठी दिसतं ते लिहायचं काम माझं.

एका दवाखान्याच्या डायलिसिसचं ॲप आमच्याकडं होतं. पेशंटचा नंबर कधी, ते त्यावर कळायचं. त्या पेशंटमधले एक माझे वडील. आबा पाटोद्याच्या पलीकडं वस्तीवर भावाजवळ राहायचे आणि जीपनं बीडला येऊन रक्त धुऊन जायचे.

उन्हाळ्यात सरांनी मीटिंग घेतली. भिंतीवर रंगीत रेघा लावल्या: कोणत्या फोनमध्ये कोणतं अँड्रॉइड, किती माणसं वापरतात. सगळ्यात जुन्याची रेघ नखाएवढी. "एवढ्याशासाठी आपण किती मरायचं?" सर म्हणाले. खोटं नव्हतं ते. ॲपमध्ये काहीही नवीन केलं की त्या जुन्या फोनांवर हमखास मोडायचं, आणि मग आमची धावपळ. ठरलं, बंद करायचं. ॲपमध्येच एक सूचना पाठवली, की पुढच्या महिन्यापासून या फोनवर ॲप चालणार नाही. मला घोर नव्हता. आबांना मीच नवाकोरा फोन घेऊन दिला होता.

आता आमच्याकडची रीत ऐका. दसरा झाला की माणसं टोळ्या करून ऊसतोडीला जातात, आणि घरातला चांगला फोन त्यांच्याबरोबर जातो. मागं म्हातारी माणसं राहतात. त्यांच्यासाठी पेटीतला जुना फोन बाहेर निघतो, बॅटरी पडू नये म्हणून रबर लावलेला. हंगाम संपून माणसं घरी आली की तो पुन्हा पेटीत. म्हणजे उन्हाळ्यात मोजलं तर जुने फोन दिसणारच नाहीत! आणि आमची ती सूचना गेली तेव्हा तर ते सगळे पेटीत बंद पडलेले. वाचणार कोण, पेटी?

मी जन्मले तिथंच. रीत मला पाठ. पण मला वाटलं, आजारी माणसाचा फोन कोण नेईल?

कोणी मागितला नव्हताच. भाऊ-वहिनी ऊसतोडीला निघाले तेव्हा आबांनीच तो वहिनीच्या हातात कोंबला. "तुमी परमुलखात चाललात. मला हितं काय धाड भरलीय?" वहिनीनं बिचारीनं त्यातलं ॲप काढून टाकलं, उगीच हात लागून आबांच्या नंबराचा घोळ नको म्हणून. आबांनी आपलं सिमकार्ड जुन्या फोनात घातलं. त्यात ॲप आधीचंच होतं. उघडायचंसुद्धा मेलं! बघणाऱ्याला वाटावं सगळं ठीक चाललंय. फक्त आम्ही बंद केल्यामुळं नवा निरोप आत यायचा नाही. आबांनी मला यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी भावाशी कडाकडा भांडले असते, हे ते ओळखून होते.

आणि नेमक्या दिवाळीनंतर दवाखान्यातल्या दोन मशिनी बिघडल्या. ठरलेले वार मोडले. मशीन मोकळी होईल तसा ज्याचा त्याला ॲपवर निरोप जायला लागला.

मी फोन केला. "आबा, गेलतात का?"

"न्हाई. नंबर आला न्हाई अजून."

"कावून?"

"मशिनी बंद हाईत म्हणं. समद्यांचंच लांबलंय. येईल की."

मला पटलं. मशिनी खरंच बंद होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा आवाज जड वाटला. मी म्हणाले, पाणी कमी प्या. "पितोच कुठं, बाई," एवढंच बोलले.

दवाखान्यातून त्यांना निरोप गेला होता. दोनदा गेला होता. ते आले नाहीत म्हणून नंबर पुढच्याला दिला. दवाखान्यानं तरी काय करावं? बाहेर माणसं ताटकळत बसलेली.

मग शेजारच्या काकूंचा फोन आला. "बाई, तुझ्या आबाला दम लागलाय. आडवं व्हता येईना त्यास्नी." जीप येईपर्यंत मी दवाखान्याच्या फाटकात उभी. आबांना बसवूनच आणलं. पाय एवढे सुजलेले की चप्पल चढत नव्हती, अनवाणीच होते. हातात तो रबर लावलेला फोन. आणि माझी जीभ बघा, पहिलं काय विचारलं, तर "नवा फोन कुठंय?"

"पोरांपाशी," आबा म्हणाले. श्वास घेतला. "यातबी दिसतंय की... मी बघतच बसलो होतो, बाई."

मशीन लावायच्या आधीच आबा गेले.

भाऊ आणि वहिनी उसाच्या फडातून होते तसे आले. वहिनीनं नवा फोन माझ्यापुढं ठेवला आणि जमिनीवर डोकं आपटून घेतलं. तिला उठवताना मला तिचा राग आला नाही. राग कुणाचा करावा तेच कळेना, आणि तो आजही कुठं जाऊन बसत नाही. आतल्या आत पेटत राहतो.

तेरावा झाल्यावर ऑफिसला गेले. सर हळहळले, चहा मागवला. माणूस वाईट नाही. थोड्या वेळानं मीटिंग बसली, रेघा भिंतीवर आल्या. ती नखाएवढी रेघ गायब. "जुन्या फोनांवर आता कोणीच नाही," सर म्हणाले. "म्हणजे तेवढं तरी बरोबर झालं."

मला राहवलं नाही. "सर, आपणच दार लावून घेतलंय. बाहेर कोण उभं आहे ते भिंतीवर कसं दिसेल?"

मी पर्समधून आबांचा फोन काढला, ॲप उघडलं आणि सरांपुढं सरकवला. ते चष्मा लावून मोठ्यानं वाचायला लागले. "आपला नंबर आला की निरोप येईल. काळजी करू नका, घरीच थांबा."

ती ओळ मी लिहिली होती. आबा तसेच थांबले.